उलटा पीळ

“आता माझ्याखाली एक रेघ मार. चांगली जाड,” असं म्हणून अण्णांनी काठीच्या टोकाने पाटीवरची जागा दाखवली.

पेंटरने ब्रश काळ्या रंगात बुडवला, पण हात पुढे केला नाही. दुकानाची नवी पाटी कारखान्याच्या भिंतीला टेकून उभी होती. वर मोठ्या अक्षरांत दुकानाचं नाव आणि त्याच्या खाली एकाखाली एक सहा गोल. प्रत्येक गोलात घराण्यातल्या एका पुरुषाचं नाव, आणि सगळे गोल रंगवलेल्या दोराने एकमेकांना बांधलेले. सर्वांत वरचा मूळपुरुषाचा गोल तेवढा अजून रिकामा होता. सर्वांत खालचा अण्णांचा.

“रेघ मारली की संपल्यासारखं दिसतं, अण्णा. खाली जागा बक्कळ आहे. चिरंजीवांचा गोल काढतो की.”

“चिरंजीव ऑफिसात खुर्ची उबवतात. त्यांच्या लेखी दोर म्हणजे चड्डीची नाडी. मार रेघ.”

पेंटरने रेघ मारली. अण्णांनीच सांगितली होती, पण ती उमटली तशी त्यांना ती बघवेना. ते दाखवतील तर अण्णा कसले! “थोडी वाकडी आली,” एवढंच बोलून ते आपल्या बैठ्या स्टुलावर जाऊन बसले आणि अर्धा राहिलेला दोर पुढे वळायला घेतला.

आता हे घराणं म्हणजे काही साधंसुधं नव्हे. जगातला कुठलाही दोर वळणारा उजव्या हाताने पीळ देतो आणि डाव्याने धरतो. ह्या घरात बरोबर उलटं. जेवायला उजवा, लिहायला उजवा, कोणाच्या कानाखाली द्यायची वेळ आलीच तर तोही उजवा. पण दोर वळायला बसलं की डावा. त्यामुळे यांच्या दोरावरच्या तिरक्या रेघा इतरांसारख्या उजवीकडे न झुकता डावीकडे झुकतात. बाजारात दहा दोर एकत्र टाकले, तरी आंधळ्याने अंगठा फिरवून यांचा दोर बाजूला काढावा. लोक ह्या घराला ‘उलटे’ म्हणत, आणि घरातल्यांना त्याचा राग सोडाच, कोणी म्हणायचं विसरलं तर कपाळाला आठी पडे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण लोक दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतात. अण्णा ती स्वतःबद्दल सांगत, आणि तीही छाती पुढे काढून.

“हा पीळ आला कुठून, ते चार शब्दांत सांगा,” पेंटर म्हणाला. “वरच्या गोलाखाली लिहायचंय. गिऱ्हाईक विचारणारच.”

त्यासाठीच तर अक्का आणि मास्तर आले होते. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. सासरी गेली तरी माहेरचा अभिमान तसूभर कमी झाला नव्हता. मास्तर हा चुलतभाऊ. शाळेतून निवृत्त झाला होता, पण शिकवण्यातून काही झाला नव्हता. दोघांना बोलावणं पाठवलं होतं, आणि पाठवलं नसतं तरी ते आलेच असते.

मास्तरांनी घसा साफ केला. “लिहून घे. आपल्या मूळपुरुषाचा उजवा हात चाकात सापडला. हाडं मोडली. दुसरा असता तर घरी बसला असता. आपला गडी दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने वळायला बसला!”

“काहीतरीच,” अक्का म्हणाल्या. “हात बित काही मोडला नव्हता. उस्तादाशी भांडण झालं होतं त्यांचं. तू सुलटा तर मी उलटा, असं तोंडावर सांगून आले ते. आपल्या घरातली माणसं आहेत का कोणाचं ऐकून घेणारी? ह्याच्याकडेच बघ.”

“ह्याच्याकडे बघायचं काही कारण नाही,” अण्णा म्हणाले. “मला आजोबांनी सांगितलंय. बाजारात लोक भलताच माल आमचा म्हणून खपवायला लागले, तेव्हा मूळपुरुषांनी मुद्दाम पीळ बदलला. करा म्हणाले आता नक्कल!”

पेंटर ब्रश हातात धरून तिघांकडे आळीपाळीने बघत होता. “तिन्ही छान आहेत,” तो म्हणाला. “पण माणूस एकच होता ना?”

समोरून खुदकन हसू आलं. अण्णांच्या समोर, चार हातांवर, त्यांची सून जुन्या लाकडी पेटीवर बसून लोखंडी फणीने दोरासाठीचा वाख, म्हणजे अंबाडीचे तंतू, विंचरत होती. घरची पद्धतच ती. पुरुषांनी दोर वळायचा, बायकांनी समोर बसून वाख विंचरून द्यायचा. लग्न होऊन आल्यापासून सूनबाई त्याच जागी बसत आली होती. अण्णांचा हात रिकामा होतो न होतो तोच विंचरलेल्या वाखाची पुढची बट तिच्याकडून आलेली असायची. तिला हाक मारावी लागत नसे, हे अण्णांनी मनातल्या मनात कौतुकाने नोंदवलं होतं. बोलून मात्र दाखवलं नव्हतं.

“हसतेस काय? ज्या पेटीवर बसलीयस ना, ती त्यांचीच आहे,” मास्तर म्हणाले. “मूळपुरुषाची हत्यारांची पेटी. पेंटर, चित्र काढणार असशील तर हीच काढ.”

“पण तिच्या उचलायच्या कड्या सुलट्या दोराच्या दिसतात,” पेंटर म्हणाला. त्याची नजर कामाची होती.

तिघंही जरा ओशाळले. घरातलं हे जुनं दुखणं होतं. उलट्यांच्या घरात, साक्षात मूळपुरुषाच्या पेटीला सुलट्या दोराच्या कड्या!

“घाईत विकत घेतल्या असतील,” अण्णा म्हणाले. “चांभाराच्या पायात कधी नवी वहाण दिसते का? तसंच ते. चित्रात कड्या काढू नकोस.”

“बिचारे फार जगलेही नाहीत,” अक्का म्हणाल्या. “ऐन तारुण्यात गेले. पोरगं पाळण्यात होतं. आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची, बाई मोठी खंबीर. दोर विकून पोर वाढवलं तिने.”

“शिल्लक माल असणार,” मास्तर म्हणाले, आणि विषय तिथे मिटला. तो नेहमी तिथेच मिटत असे.

सूनबाई चहा आणायला आत गेली. पेंटरला पाटी मागच्या खुंटीला बांधायची होती, कारण ती सारखी घसरत होती. त्याने पेटीमागे हात घातला आणि वाखाच्या ढिगाखालून दोराचं एक वेटोळं बाहेर ओढलं.

“हा घेऊ का, अण्णा?”

अण्णांनी नुसतं वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. “आण इकडे! सुलटा दोर? माझ्या कारखान्यात? कोणाची हिंमत झाली बाहेरचा माल इथे आणायची?”

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने तो आधी नीट खाली ठेवला, मग म्हणाली, “बाहेरचा नाही, अण्णा. मी वळलाय.”

“तू?”

“दुपारी तुम्ही आडवे होता तेव्हा. म्हटलं, जमतं का पाहावं.” तिने मान खाली घातली नव्हती. “आधीचे पाच-सहा चुलीत गेले. हा बरा आलाय असं वाटलं. म्हणून ठेवला.”

मास्तरांना हसू आवरेना. “बरा आलाय, पण उफराटा आलाय! सूनबाई, रागावू नकोस हं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? हा पीळ रक्तात असावा लागतो. तू बाहेरून आलेली.”

सूनबाईचे कान लाल झाले. तिने फणी उचलली आणि ती पुसायची काही गरज नसताना पदराने पुसायला लागली.

अण्णांनी मात्र दोर टाकून दिला नव्हता. टाकायलाच उचलला होता, पण अंगठा सवयीने त्यावरून फिरला आणि तिथेच थांबला. त्यांनी तो ताणून पाहिला. उजेडात धरला. पुन्हा अंगठा फिरवला. कुठे गाठ नाही, कुठे सैल नाही. शिकाऊ माणसाचा दोर मध्येच जाड होतो, मध्येच उपाशी राहतो. हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा जेवलेला होता.

“कोणी शिकवलं?”

“तुम्हीच.”

“मी कधी शिकवलं?”

“रोजच की. समोरच बसलेली असते मी.”

“मग डाव्या हाताने का नाही वळलास?”

सूनबाई गोंधळली. “तुमच्यासारखंच तर केलं.” ती पेटीवर बसली, वाखाची बट घेतली आणि अण्णांकडे बघत हात चालवून दाखवला. “तुमचा ह्या बाजूचा हात हलतो. मीही ह्याच बाजूचा हलवते.”

अण्णांनी आपला डावा हात पाहिला. त्याच्या थेट समोर, त्याच बाजूला, सूनबाईचा हात होता. उजवा. आरशात पाहावं तसा.

“हात्तिच्या!” मास्तर म्हणाले. “समोरून पाहून शिकल्यावर उलटं होणारच. आपल्याला शिकवताना बापाने शेजारी बसवलं होतं.”

“हो,” अण्णा म्हणाले. “शेजारी.”

मग ते आपल्या आणि सूनबाईच्या हातांकडे आळीपाळीने बघत बसले. चहावर साय धरली. अक्कांनी एकदा “अरे, बरं वाटत नाही का?” म्हणून विचारलंही. त्याचं उत्तर न देता अण्णांनी उलट त्यांनाच विचारलं, “अक्का, पोरगं पाळण्यात होतं म्हणालीस ना?”

“कोणाचं?”

“मूळपुरुषाचं. तो गेला तेव्हा.”

“पाळण्यातच. बापाचं तोंडही आठवत नव्हतं त्याला.”

“मग त्याला दोर वळायला कोणी शिकवलं?”

अक्कांनी उचललेला कप पुन्हा ट्रेमध्ये ठेवला. सगळा जन्म ही गोष्ट सांगण्यात गेला होता, आणि हा प्रश्न काही कोणाला सुचला नव्हता.

“कोणीतरी शिकवलं असेल,” मास्तर म्हणाले. “शेजारपाजारचं.”

“शेजारपाजारचे सगळे सुलटे. पोरगं उलटं वळायचं.” अण्णा काठी टेकत उठले. “आणि बाईने दोर विकून पोर वाढवलं. कुठला दोर? म्हणे शिल्लक माल! पोराला मिसरूड फुटेपर्यंत पुरला? माल होता की समुद्र?”

ते पेटीपाशी आले आणि हातातला दोर खाली ठेवला. सूनबाई लगबगीने उठून बाजूला झाली. अण्णा एक गुडघा टेकून खाली बसले, ह्या वयात त्यांना ते सोपं नव्हतं, आणि त्यांनी पेटीची कडी हातात घेतली. आयुष्यभर ज्या कड्यांकडे बघायची त्यांना लाज वाटली, त्यांच्यावरून त्यांचा अंगठा सावकाश फिरला. दोर काळा पडला होता, तेलकट झाला होता, पण पीळ जागचा हलला नव्हता. घट्ट, सारखा, आणि सुलटा.

“विकतची नाही ही,” ते म्हणाले. “त्याच्याच हातची आहे. अरे, मूळपुरुष सुलटाच वळायचा! चारचौघांसारखा!”

“आणि ती—” अक्का म्हणाल्या आणि थांबल्या.

“ती समोर बसायची. वाख विंचरत.” अण्णा कडी हातात धरूनच बोलत होते. “तिला कोणी शिकवलं नाही. तिने समोरून पाहिलं. तो गेल्यावर वळायला बसली ती डाव्या हाताने. आणि पोराला मांडीवर घेऊन, त्याचा हात हातात धरून शिकवलं. हात मोडला, उस्तादाशी भांडला, काय काय रचलं आपण!”

“अगं बाई!” अक्कांनी मांडीवर थाप मारली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसतही होत्या. “म्हणजे उलटे आपण तिच्यामुळे! आणि तीही बाहेरून आलेलीच की रे, मास्तर! माझ्यासारखी कोणाच्या तरी घरची लेक!”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पेंटरकडे बोट करून ते म्हणाले, “बघतोस काय? अशी बाई दाखव कुठल्या घराण्यात असेल तर!” अभिमान एका पायावरून दुसऱ्या पायावर जायला त्यांना एवढाच वेळ लागला.

“मग वरच्या गोलात कोणाला घेऊ?” पेंटरने विचारलं.

“तिला. त्याला बाजूला एक गोल काढ. पेटी त्याचीच होती, त्याचं श्रेय त्याला.”

“नाव?”

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी मास्तरांकडे. सहा पिढ्यांची पुरुषांची नावं झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवणारी ही माणसं. तिचं नाव एकालाही माहीत नव्हतं.

“आजी नुसतं ‘बाई’ म्हणायची,” अक्का हळू आवाजात म्हणाल्या.

“थोरल्या सूनबाई, असं लिही,” अण्णा म्हणाले. “मोठ्या अक्षरात. आणि पेटी काढ शेजारी, कड्यांसकट.”

पेंटर कामाला लागला. अण्णा आपल्या जागी जाऊन बसले. समोर सूनबाईने पेटीवर बसून पुन्हा वाख हातात घेतला होता. तिने दोराचं ते वेटोळं पायाने हळूच मागे सरकवलं.

“ते कशाला लपवतेस? भिंतीला लाव. कोणी विचारलं तर माझ्या सुनेने वळलाय म्हणून सांगेन,” अण्णा म्हणाले. मग त्यांनी आपला स्टूल थोडा सरकवला आणि डाव्या अंगाला पडलेला वाख बाजूला करून जागा केली. “आणि आता समोर नको बसू.”

सूनबाई वाख हातात धरून अर्धवट उठली.

“इकडे ये. अशी शेजारी बस. हां. आता उजव्याने धर आणि डाव्याने पीळ दे. डाव्याने म्हणतोय ना! अंगठ्याने नाही, बोटांनी ढकल.”

दोर तिच्या हातून सुटला आणि गरगर उलगडला. अण्णांनी टोक पकडून पुन्हा तिच्या हातात दिलं. दुसऱ्यांदाही सुटला. तिसऱ्यांदा दोराने मुश्किलीने बोटभर पीळ धरला, आणि त्यावरची बारीक रेघ डावीकडे झुकली.

“अण्णा,” पाटीच्या खालच्या अंगाला वाकलेला पेंटर म्हणाला, “वरचं झालं. ही खालची रेघ तशीच ठेवायची ना?”

अण्णांनी सूनबाईच्या बोटांवरची नजर काढली नाही.

“ओली आहे अजून?”

“आहे.”

“मग वाळायच्या आत पूस.”