गाळलेली गल्ली

मूळ नकाशा हाताने काढलेला, जेवणाच्या टेबलाएवढा. छापील प्रत त्याच्या निम्मी. एवढं शहर निम्म्या कागदात बसवायचं म्हणजे बारीक गल्ल्या शाईने भरून एकमेकींना चिकटणार, म्हणून आमच्या छापखान्यात रिवाजच होता, की छपाईच्या दगडावर नकाशा उतरवणाऱ्याने प्रत्येक भागातली एखाद-दुसरी गल्ली आपल्या अकलेने गाळावी. उतरवणारा मी. त्या भागात पाच गल्ल्या होत्या, आणि मी गाळली ती ताईची.

कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. आईवडिलांमागे, मी सहा वर्षांचा असल्यापासून, ताईने लोकांचे कपडे धुऊन मला वाढवलं, शिकवलं. स्वतःच्या लग्नाचं नावही काढलं नाही. आदल्याच आठवड्यात, तिच्याकडे राहिलेला माझा चष्मा द्यायला ती छापखान्यात आली, आणि तिचे सोलवटलेले हात बघून मुख्य कारागिरांनी "कोण हो या?" असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आमच्याकडे कपडे धुते." ताईने ते ऐकलं. चष्मा टेबलावर ठेवून ती निघून गेली. त्यानंतर तिच्या गल्लीची रेघ ओढायला माझा हात धजेना.

नकाशा छापून बाजारात गेला. त्या रविवारी मी तिची माफी मागायला निघालो. रंगाचं दुकान आणि दवाखाना यांच्यामधून गल्ली आत वळायची. आता दोन्ही इमारती एकमेकींना टेकून उभ्या होत्या, मध्ये बोट शिरेल एवढीही फट नव्हती.

"गल्ली?" रंगवाला हसला. "तीस वर्षं बसतोय इथे. कसली गल्ली आलीय!"

सोमवारी सकाळीच मी मूळ नकाशा उलगडला. पाचही गल्ल्या जिथल्या तिथे होत्या. मी दगडावर राहून गेलेली रेघ ओढायला घेतली, तोच दारात ताई दिसली, काखेत धुतलेल्या कपड्यांचं बोचकं घेऊन.

"साहेब, नकाशे तुम्हीच काढता ना? कालपासून फिरतेय, माझी गल्लीच सापडत नाहीये."

"ताई, अगं, मी आहे!"

ती अवघडून एक पाऊल मागे सरली. मुख्य कारागीर जवळ आले. "ओळखीच्या आहेत का तुमच्या?"

"माझी सख्खी बहीण आहे," मी म्हणालो, सगळ्या छापखान्याला ऐकू जाईल असं.

"नाही हो," ताई घाईघाईने म्हणाली. "मला एकच भाऊ. सहा वर्षांचा आहे. घरात एकटाच आहे, आणि मी बाहेरून कडी लावून आलेय."