झिजलेल्या आट्यांचं चाक

बर्फाच्या कारखान्यात अमोनियाच्या पाइपावर गॅस बंद करायचं एक चाक होतं. आटे पार झिजलेले. घट्ट बंद केलं तरी आपलं आपण उलटं फिरायचं. मालक नवीन बसवेना, म्हणून कामगारांनीच पाळी लावलेली. गॅस सुटला की ज्याची पाळी त्यानं चाक दाबून धरायचं, बाकीच्यांनी पळायचं. त्या दिवशी पाळी फिटरची होती. धरलं थोरल्यानं; घरातला थोरला म्हणून कारखान्यातही सगळे त्याला तेच म्हणायचे. सगळे वाचले, थोरला गेला.

पुरताना फादर म्हणाले, पोर हसत गेलं, अगदी प्रभूसारखं. थोरल्याच्या आईनं घरी येऊन भिंतीवरचा क्रूस फिरवला, मूर्तीचं तोंड भिंतीकडे. हसत मरणाऱ्याशी तिला बोलायचंच नव्हतं.

मग तिनं फिटरला बोलावून घेतलं. तो दारातच घुटमळला.

"ये आत. दाराला टेकू द्यायला नाही बोलावलं."

"चहा नको, मावशी."

"विचारलं कुणी?" तिनं कप आदळला. "सगळ्यात शेवटी तू बाहेर आलास. दाराच्या काचेतून आत बघत होतास. हसला का रे माझा पोरगा?"

"फादर म्हणाले ना..."

"फादर होते तिथं?"

फिटरची मान खाली गेली. "नाही हसला. रडला. आई, आई करत होता. मला नको नको त्या शिव्या घातल्या. म्हणाला, जळतंय रे, सोडतो आता."

"मग?"

"नाही सोडलं. नंतर बोटं एकेक करून उकलावी लागली."

मग स्टुलावर चढून तिनं क्रूस काढला. इतकी वर्षं पुसत आली होती. मूर्तीचं ते उघडं तोंड तिला कारागिराची चूक वाटायची. आता त्यावरून बोट फिरवलं.

"हा पण ओरडलेला," ती म्हणाली. "बापाला हाक मारली यानं. कुणी आलं नाही. तरी खाली उतरला नाही मेला."

"मावशी, पाळी माझी होती. माझा हात चाकाकडे गेलाच नाही, त्यानं मला बाहेर ढकललं."

"माहितीये."

"मग शिव्या तरी घाला!"

"त्यानं घातल्यात. पुरे झाल्या."

क्रूस तिनं परत टांगला नाही. टेबलावर कपाशेजारी ठेवला, तोंड वर करून.

"पी. गार झाला तर दुसरा करणार नाही."

फिटरनं कप उचलला. कप रिकामा होईपर्यंत ती समोरून हलली नाही.