मी हिची आई नाही

"'आई' हा शब्द काढा, मग हवा तेवढा मोठा फोटो लावा," मी म्हटलं.

माझ्या एका हातात दुधाची बाटली होती आणि छातीला बिलगून चिंपांझीचं पिल्लू दूध ओढत होतं. त्याची आई बाळंतपणानंतर आठवड्याच्या आतच गेली. तेव्हापासून ही चिकटी माझ्याच अंगावर. नाव मीच ठेवलं. कुणी सोडवायला गेलं की दोन्ही मुठींनी केस धरून बसते, तेही माझे.

समोर प्राणिसंग्रहालयातल्या नव्या मॅडम उभ्या होत्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या, स्वभावानं गोड. येणाऱ्याजाणाऱ्यांना प्राण्यांची माहिती द्यायचं काम त्यांचं. पिंजऱ्यावर लावायच्या पाटीचा नमुना त्यांनी दाखवायला आणला होता. माझा आणि चिकटीचा फोटो, खाली ठळक अक्षरांत: 'आई आणि बाळ. आपण सगळे एकाच घरातले.'

मॅडमनी मला समजावून पाहिलं. माणसाचं आणि चिंपांझीचं रक्त जवळजवळ सारखं, पोटात गर्भ वाढतो तोही तसाच, फार पूर्वी दोघांचे पूर्वज एकच होते. मी ऐकून घेतलं. कळा सारख्या असतात हे मला कुणी शिकवायला नको. चिकटीच्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा गजांतून हात घालून तिची पाठ मीच चोळत होते, आणि ती गेली तेव्हा ढसाढसा रडलेही मीच. पण म्हणून माणूस आणि जनावर एकच? देवानं जनावरं ज्याच्या त्याच्या जातीची केली आणि माणूस मात्र स्वतःच्या रूपाचा घडवला, अशी माझी श्रद्धा आहे. ती काही मी रविवारी चर्चला जाताना अंगात घालत नाही आणि घरी आल्यावर खुंटीला टांगत नाही.

मनातलं कारण मात्र मी मॅडमना सांगितलं नाही. मला एक मुलगी झाली होती. सकाळी जन्मली, घाईनं नाव ठेवलं, दुपारी गेली. आमचे हे इथेच सुतारकाम करतात. तिची छोटीशी पेटी त्यांनी स्वतःच्या हातानं केली. सासूबाईंपासून नर्सपर्यंत जो तो मला सांगत होता, मन घट्ट कर, दुसरं होईल. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. दुसरं होतं म्हणजे काय? फुटलेल्या कपाच्या जागी कप आणायचा आहे का? होतं ते निराळंच माणूस, आणि गेलेलं देवानं एकदाच घडवलेलं असतं. पुढे झालंही नाही. घरात कुणी तिचं नाव काढेना, ह्यांनी तर कधीच नाही. तिच्यामुळे मी आई झाले. तेवढं एकच तिनं मला दिलं, आणि ते काढून मी पिंजऱ्यावर ठोकू देऊ?

साहेबांनी बोलावून घेतलं. पाटी लागणारच, पटत नसेल तर उद्यापासून पक्ष्यांकडे जा, म्हणाले. त्यांना वाटलं असेल, पिल्लात जीव अडकलाय, ही हातापाया पडेल.

"जाते," मी म्हटलं.

मग पोपटांची शिट खरवडत बसले. कान मात्र माकडघराकडेच. चिकटी किंचाळत होती, तोवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी ती किंचाळायची थांबली आणि माझं खरवडणंही थांबलं. तेवढ्यात मॅडम आल्या. अंगावर दूध सांडलेलं, डोळे सुजलेले. कुणाच्याच हातून पीत नाही म्हणाल्या. "साहेबांना मी परोपरीनं सांगितलं, मावशी, पण पाटीचं ते ऐकत नाहीत," असंही म्हणाल्या. मी खराटा टाकला आणि निघाले. माझं भांडण साहेबांशी होतं, उपाशी पिल्लाशी नव्हतं. देवानं जनावरं आपल्या हवाली केली ती काय असं मारायला?

संध्याकाळी पाटी लागली. लावायला आले आमचे हेच. माझी नजर चुकवत स्क्रू पिळत होते.

"लावा खुशाल," मी म्हटलं. "माझं तोंड तर कुणी बंद केलं नाही ना?"

तेव्हापासून जो पाटी वाचतो त्याला मी आतून सांगते, मी आई नाही, सांभाळणारी आहे. साहेबांनी दोनदा दम दिला. चिकटी दुसऱ्याकडे जात नाही तोवर ते तरी काय करणार! लोक हसतात. एकानं तर तोंडावर अडाणी म्हटलं. म्हणू दे, मला कुठे त्याच्या घरी नांदायला जायचंय!

परवा एक बाई लेकीला घेऊन आली. पोरीनं अक्षर अक्षर जुळवत पाटी वाचली आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"तुम्ही हिची आई?"

"नाही गं. हिची आई चिंपांझी होती. मी हिला दूध पाजते, जीवही लावते. पण माझी मुलगी वेगळी."

"तिचं नाव काय?"

शेजारच्या दाराच्या बिजागरीवर आमचे हे खिळा ठोकत होते. मी नाव सांगितलं. मोठ्यानं, आडनावासकट.

हातोडी थांबली. "छान आहे," पोर म्हणाली आणि आईचा हात धरून पुढे गेली. चिकटीनं बाटली संपवली. ह्यांनी मान वर केली नाही. खिळा तसाच बोटांत धरून होते.

"परत एकदा सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं.