मी आहे मागे

स्कूटरच्या डाव्या बाजूला, पायदानाच्या जरा वर, एक हिरवी रेघ उमटली होती. आगपेटीच्या काडीएवढी लांब. सुरुवातीला रुंद आणि मागे निमुळती होत गेलेली. मालिनीने ती अंगठ्याने घासून पाहिली. रंग निघाला नाही. सोसायटीच्या गेटच्या खांबाला गणपतीच्या आधी हाच रंग दिला होता. त्या गेटमधून टेम्पो आरामात आत येतो.

"काय बघतेस?" हेल्मेटचा पट्टा लावत चंदर जिना उतरून आला.

"काही नाही. चिखल वाटला."

"मग निघूया ना? ऊन चढलं की तूच कुरकुर करशील."

तळमजल्याच्या गॅलरीत बनूबाई ओले कपडे झटकत होत्या. "निघाली वाटतं रविवारची वरात! नवरी पुढं, नवरा मागं. चंदरभाऊ, आल्यावर मला उल्हासनगरला कॅम्प चारला सोडाल ना? ब्लाऊज टाकलेत शिवायला."

"सोडतो की. तयार राहा फक्त, मागच्यासारखं पावडर लावत बसू नका."

"सुजित आहे ना घरी?" मालिनीने विचारलं. सुजित म्हणजे बनूबाईंचा मुलगा.

"तो? रविवारी तो बारापर्यंत मेलेला असतो. आणि त्याच्या बाईकवर बसवतं का कुणाला? ह्यांची स्कूटर म्हणजे कशी, पाटावर बसल्यासारखं."

चंदर हसला. निवृत्त झाल्यापासून अंबरनाथ पूर्वेच्या त्या तीन मजली इमारतीत त्याचं हेच काम झालं होतं. कुणाला दवाखान्यात सोड, कुणाचं औषध आण. मध्यंतरी एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षा मिळेना, तर यानेच तिला अलगद नेऊन पोहोचवलं. 'काका आहेत ना' हे शब्द जिन्यात रोज कुठे ना कुठे ऐकू यायचे.

मालिनीने सायकल स्टँडवरून काढली आणि गेटबाहेर पडली. मागे स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. तिने हँडलवरच्या छोट्या आरशात पाहिलं. स्कूटर खांबाच्या फारच जवळून बाहेर आली.

शिमग्याच्या सुमारास उल्हासनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं : काचबिंदू आहे. कडेची नजर गेलीय, डावीकडची जास्त. गेलेली परत येत नाही. ड्रॉप टाकत राहिलात तर उरलेली टिकेल. "आणि गाडी आता सोडा." चंदरने मान डोलावली. खाली येऊन स्कूटरला किल्ली लावली आणि म्हणाला, "बस." ती बसली. घर येईपर्यंत तिने त्याचा शर्ट मुठीत धरून ठेवला होता.

"डॉक्टरांना सगळ्यांनाच असं सांगावं लागतं," तो घरी म्हणाला. "मला समोरचं लख्ख दिसतंय. त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवू?"

कॅलेंडर त्याने वाचलंही असतं. तेच तर अवघड होतं. मालिनीने एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत उभा जन्म नोकरी केली होती. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नाही, ही तिथली सवय. ती घरातही तशीच राहिली. कोपऱ्यावर तो एका हातगाडीला खेटून गेला, तेव्हा तिला वाटलं, गर्दी होती. मग एकदा डावीकडून आलेली रिक्षा त्याला दिसलीच नाही. तेव्हा वाटलं, रिक्षावालाच घुसला. मागे बसून ती सांगू लागली, "डावीकडे बघा." तो वैतागायचा, "तू बोललीस की उलट गोंधळायला होतं मला."

आणि समजा सांगितलं, तर पुढे काय? तिला स्वतःला काहीच चालवता येत नव्हतं. लग्न झाल्यापासून ती मागेच बसत आली होती. जिला साधी सायकल येत नाही तिने त्याला गाडी सोडायला सांगायचं?

म्हणून तिने लेकीची, कीर्तीची, गच्चीवर गंजत पडलेली सायकल खाली आणली. विचारणाऱ्यांना सांगितलं, गुडघ्यांसाठी. चंदरला तर इतका आनंद झाला! "शेवटी उठलीस बाई!" तो कंपाउंडमध्ये सीट धरून तिच्या मागे धावला. पोरं हसली तर त्यांनाच ओरडला, "काय रे, तुमची आई चालवते का?" पुढे ती रस्त्यावर जाऊ लागली तशी तो स्कूटर घेऊन मागे राहू लागला. "बिनधास्त चालव. मी आहे मागे."

जी गाडी त्याच्याकडून काढून घ्यायची म्हणून ती हे शिकत होती, त्याच गाडीवरून तो तिला शिकवत होता.

सांगायचं तिने कितीदा ठरवलं. आधी वाटलं, कंपाउंडला एक फेरी न पडता मारली की सांगू. फेरी जमली. मग वाटलं, एक हात सोडून उजवीकडे वळता आलं की. तेही जमलं, रविवारी एमआयडीसीचे रस्ते रिकामे असतात, कुत्र्यांशिवाय कुणी बघायला नसतं. मग बदलापूरचा उड्डाणपूल राहिला. तोही पार झाला. जमलेल्या प्रत्येक गोष्टीच्या पुढे तिने स्वतःच एक नवी अट ठेवली होती. आता एकच उरली होती. बारवी धरणाकडे जाताना लागणारा चढ, मध्ये न उतरता.

आरसा मात्र तिने आधीच लावून घेतला होता. कॅम्प चारच्या सायकलवाल्या हितेशने पाना हातात धरून विचारलं होतं, "मॅडम, ये तो बच्चे लोग लावतात. तुम्हाला कशाला? ट्रकवाल्यांची भीती वाटते?"

"हो," ती म्हणाली होती.

"अरे, चंदर साईं तो पीछे असतात ना! बॉडीगार्ड! फिर टेन्शन काय?" मग हितेश दुकानाबाहेर उभ्या स्कूटरकडे पाहून हसला होता. "साईं, गाडी को डावीकडूनच खाज सुटते काय? सगळा माल तिकडेच घासलाय."

चंदर मोठ्याने हसला होता. मालिनीने आरशाचा कोन फिरवला होता, स्कूटर पूर्ण मावेपर्यंत.

उड्डाणपूल उतरून ते बदलापूर पश्चिमेला आले. गाव मागे पडलं, नदीचा पूल ओलांडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती; कापलेल्या खाचरांत धसकटं उभी होती आणि हवेत पेंढ्याचा कोरडा वास होता. मालिनीचे पाय आज हलके फिरत होते. तरी मन एका जागी राहीना. समोर पाही, की आरसा आठवे. आरशात पाही, की समोरचा खड्डा नजरेतून सुटे. ट्रक मागून आले तर आता तिला भीती वाटत नव्हती. ट्रक तिला बघून बाजूने जात. ती डाव्या कडेने चालली होती, आणि तिच्या मागे जो येत होता, त्याला नेमकी डावी कडच दिसत नव्हती.

"मस्त!" मागून चंदर ओरडला. "गिअर कमी कर आता. चढ आला."

तिने गिअर कमी केला. चढ लागला तसा श्वास तोंडाने सुरू झाला. खाली बघायचं नाही, वर बघायचं नाही, पुढचा विजेचा खांब बघायचा, असं चंदरनेच शिकवलं होतं. खांब आला. पुढचा खांब. मांड्या पेटल्या होत्या, पण सायकल जात होती.

पांढऱ्या पट्टीच्या आत, रस्त्याच्या अगदी कडेने, एक बाई डोक्यावर भाताचा भारा घेऊन चढत होती. भाऱ्याखाली तिचा चेहराही झाकला गेला होता. मालिनीने घंटी वाजवली, थोडी उजवीकडून वळसा घालून पुढे गेली आणि आरशात पाहिलं.

स्कूटर सरळ येत होती. पट्टीला धरून, सरळ.

"अहो, डावीकडे!" तिने ओरडायचा प्रयत्न केला. आवाज निघाला नाही, नुसती हवा निघाली. आता थांबलं तर चढ अर्धा राहणार, असं एक क्षण तिच्या मनात येऊन गेलं. पुढच्या क्षणी तिने दोन्ही ब्रेक दाबून पाय टेकला होता.

आरशात भारा गर्रकन फिरला आणि बाई उताराच्या गवतात बसली.

स्कूटर आली आणि मालिनीशेजारी थांबली. चंदरचा चेहरा हसरा होता.

"काय गं, थांबलीस का? दम लागला? अगं, एवढा चढलीस, आता थोडक्यासाठी..."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"खड्डा होता मघाशी एक," तो म्हणाला. "तू चुकवलास ना? मला बसला धक्का."

"ओ खड्डेवाले!" खालून आवाज आला. "मागं वळून बघ की जरा! माणूस पाडलंस तू!"

चंदरने मान वळवली. मग आणखी वळवली, खांद्यापर्यंत. तेव्हा कुठे ती त्याला दिसली. मालिनीने त्याचं हसू जाताना पाहिलं; एकदम नाही, पाणी जमिनीत मुरतं तसं.

तो स्कूटर लावून धावत उतरला. बाई तोवर उठून लुगडं झटकत होती. कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. तिचं नाव पुतळी. वरच्या पाड्यावर राहणारी.

"एवढा मोठा भारा डोईवर हाय, तो बी नाय दिसला तुला?"

"मावशी, चुकलं माझं. खरंच..." चंदर गुडघ्यांवर बसून विखुरलेल्या लोंब्या गोळा करू लागला. "तुम्ही अशा मध्येच..."

"मधी? मी मधी?" पुतळीने पांढरी पट्टी दाखवली. "ह्या रेघेच्या आत जन्म गेला माझा. विचार तुझ्या बायकोला. ती गेली ना बरोबर बाजूनं, घंटी वाजवून?"

चंदरने मालिनीकडे पाहिलं नाही. मालिनीने बाटलीतल्या पाण्याने पुतळीचं कोपर धुतलं.

"लागलं नाय गं फार," पुतळीचा आवाज जरा उतरला. "पण नात असते माझी रोज, ह्याच अंगाला. बोट धरून. आज झोपली होती म्हणून ठेवली घरी." तिने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

 तिघांनी मिळून भारा पुन्हा बांधला. चंदरने दोरीची गाठ दोनदा तपासली.

"मावशी, चला, मी सोडतो तुम्हाला पाड्यावर," तो म्हणाला. "बसा मागे. भारा पुढे ठेवू."

पुतळीने त्याला आपादमस्तक पाहिलं. रागावली नव्हती.

"नको बाबा," ती म्हणाली. "माझी मी चालत बरी."

तिने भारा डोक्यावर चढवून घेतला आणि पट्टीच्या आतून चालू लागली. वळणावर जाईपर्यंत चंदर तिच्याकडे पाहत उभा होता. आयुष्यात त्याच्या मागे बसायला कुणी नाही म्हटलं नव्हतं.

मग तो स्कूटरपाशी आला. डाव्या बाजूला, हिरव्या रेघेच्या वर, पत्र्याच्या फटीत भाताची एक काडी अडकली होती, लोंबीसकट. त्याने ती बघून काढली नाही. हात लावत लावत गेला, बोटांना सापडली तेव्हा ओढली, आणि टाकून न देता शर्टच्या खिशात ठेवली.

"चल," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "थोडाच राहिलाय चढ. तू हो पुढे. मी आहे मागे."

किल्ली लागलेलीच होती. त्याचा हात किल्लीकडे निघाला.

चढ अर्धाच झाला होता. वरचा खांब मालिनीला दिसत होता. तिने सायकल स्टँडवर लावली, दोन पावलं चालून आली, त्याच्या आधी किल्ली काढून घेतली आणि मुठीत धरली.

"सुजितला उठवते फोन करून. तो येऊन स्कूटर नेईल," ती म्हणाली. चंदरची नजर स्कूटरवरच होती. ती पुन्हा म्हणाली, या वेळी त्याच्या समोर येऊन, त्याला ती पूर्ण दिसेल अशी :

"अहो, आजपासून गाडी चालवायची नाही तुम्ही."