चौथ्या मजल्यावरची चादर

सासूबाईंनी काठी काखेत मारली, धाकटीचा हात धरला आणि सरकत्या जिन्यावर असा काही पाय ठेवला, की जणू जन्मभर त्याच जिन्यावर वर-खाली करत आल्या असाव्यात. जाता जाता त्यांनी एकदा मागे वळूनही पाहिलं नाही. थोरली सून खालीच राहिली. ती पाय उचलायची, तेवढ्यात पायरी निसटायची, की पाय पुन्हा मागे. पाठीमागे चार माणसं खोळंबली.

"बाई, जाताय की थांबताय?" कुणीतरी विचारलं.

"जातेय हो," ती म्हणाली आणि डोळे मिटून एकदाची चढली. दोन्ही हातांनी कठडा धरल्यामुळे खांद्यावरची पिशवी कोपरापर्यंत घसरली. वर पोहोचली तर दोघी पुढे निघून गेलेल्या. दिव्यांच्या झुंबराकडे बोट दाखवून धाकटी काहीतरी सांगत होती आणि सासूबाई हसत होत्या. चक्क दात दिसेपर्यंत.

घरी न्हाणीघराचा वीतभर उंबरा ओलांडायचा तर ही बाई अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी कण्हायची. "एवढा उंच उंबरा कुणी घातला? तुझ्या नवऱ्याला अक्कल नाही ती नाही, तुला तरी हवी होती!" उंबरा सासऱ्यांनी घातलेला, नवरा तेव्हा पाळण्यात. पण बोलणी थोरलीला. बावीस वर्षं झाली, सगळी बोलणी थोरलीलाच. आणि इथं बघा, जिने काय, झुंबरं काय, हसणं काय!

सहा महिन्यांपूर्वी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखाना शहरात, धाकट्या मुलाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. म्हणून महिनाभर तिथंच राहू देत असं ठरलं. महिन्याचे सहा झाले. गुडघा कधीच बरा झाला होता, पण परत यायचं नाव नाही. आज सकाळच्या बसने थोरली आली ती "शहर बघायला". निदान फोनवर तिनं तसंच सांगितलं होतं. धाकटीनं ऑफिसातून रजा घेतली आणि तिघी सकाळपासून हिंडत होत्या. मोठा चौक झाला, कारंजं झालं, आता हे आठ मजल्यांचं दुकान.

निघताना नवरा म्हणाला होता, "आईला विचार फक्त, कधी येतेस म्हणून. गळ घालू नकोस."

"मी कशाला गळ घालू? मला काय अडलंय?" ती म्हणाली होती.

अडलं नव्हतं म्हणजे तसं अडलं होतं. सासूबाईंनी उभी केलेली लाँड्री आता तीच चालवत होती. तीन लॉजच्या चादरी रोज येत आणि मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. पण ते सांगण्यापुरतं. खरी गोष्ट अशी, की पहिले आठ दिवस तिला घर कसं मोकळं मोकळं वाटलं होतं. नवव्या दिवशी भाजीत दुप्पट मीठ पडलं. नवरा मुकाट्याने जेवून उठला. कुणी काही बोललं नाही. हात धुताना थोरलीला रडूच आलं, आणि का आलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

गच्चीवर कॉफी मिळायची. धाकटीनं सासूबाईंसाठी खुर्ची ओढली, पाठीला उशी दिली, कप समोर ठेवला. कपातून वाफेचा पत्ता नव्हता. थोरली टक लावून बघत राहिली. घरी कॉफी जीभ भाजेल अशी लागायची. जरा कमी तापली तर "ही काय आंघोळीला आणलीस?" म्हणून कप परत. दोनदा परत, कधी तीनदा.

सासूबाईंनी घोट घेतला.

"छान आहे हो बाळा," त्या म्हणाल्या.

बाळा! थोरलीनं स्वतःचा कप खाली ठेवला. बावीस वर्षांत तिला 'अगं' होतं, 'अगं ए' होतं, लाँड्रीत गिऱ्हाईक असलं तर 'आमची ही' होतं. बाळा कधी नव्हतं. आणि ही धाकटी, लग्नाला जेमतेम चार वर्षं झालेली, चादर धुवायची कशी ते ठाऊक नाही, ती बाळा. घरची म्हणते देवा देवा, म्हणतात ते उगाच नाही.

"कॉफी गार आहे," थोरली म्हणाली.

"मला चालते," सासूबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

सासूबाईंनी खाली रस्त्याकडे पाहिलं. धाकटीनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि घाईघाईनं म्हणाली, "ताई, आम्ही आईंची खोली रंगवून घेतोय. फिकट निळा. आई कायमच्याच राहिल्या तर आम्हाला... म्हणजे त्यांना आवडलं तर. आज त्या खोलीसाठीच चादर घ्यायची आहे."

"कायमच्या?"

"आई 'बघू' म्हणाल्यात."

थोरलीनं गार कॉफी एका दमात पिऊन टाकली. विचारायचं होतं ते राहूनच गेलं. विचारलं आणि 'नाही' म्हणाल्या तर? तेही हिच्यादेखत?

चादरी चौथ्या मजल्यावर होत्या. विक्रेतीनं एक मोठी निळी चादर टेबलावर पसरून दाखवली, धाकटीला ती पसंत पडली, आणि तेवढ्यात विक्रेतीला दुसऱ्या गिऱ्हाइकानं हाक मारली. चादर तशीच पडून राहिली, अर्धी टेबलावर, अर्धी जमिनीवर लोळत. सासूबाईंच्यानं ते बघवेना. काठी त्यांनी टेबलाला टेकवली.

"बाळा, तिकडची दोन टोकं धरतेस का जरा? तुला जमेल तशी."

धाकटीनं टोकं धरली. उलटी धरली. सासूबाई एक पाऊल पुढे आल्या तर ती दोन पावलं मागे गेली. चादर मध्ये झोळीसारखी लोंबली. शेवटी कशीबशी जी घडी झाली तिचा एक काठ चार बोटं बाहेर आलेला, पोटात हवा भरलेली.

"छान जमली गं," सासूबाई म्हणाल्या.

थोरलीला कानफटात बसल्यासारखं झालं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात लाँड्रीत तिनं घातलेली पहिली घडी या बाईनं अकरा वेळा उलगडून तोंडावर फेकली होती. काठाला काठ, टोकाला टोक, मध्ये हवा नको. बाराव्या खेपेला फेकली नाही. छान मात्र तेव्हाही म्हटलं नव्हतं, पुढेही कधी नाही. लॉजवाले म्हणायचे, तुमच्यासारखी घडी दुसरीकडे होत नाही. सासूबाई म्हणायच्या, मी उभी असते म्हणून.

"वाकडी आहे," थोरली मोठ्यानं म्हणाली.

धाकटीचं तोंड एवढंसं झालं.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "ती काय लाँड्रीवाली आहे?"

थोरली तिथून निघाली ती थेट उशांच्या रांगेपाशी जाऊन थांबली. एक उशी उचलली, दाबली, ठेवली. दुसरी उचलली. डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू द्यायचे नव्हते. राहू देत इथंच, ती मनात म्हणाली, निळ्या खोलीत, गार कॉफी पीत. जिची उष्टी बावीस वर्षं काढली तिला मी लाँड्रीवाली.

"ताई."

धाकटी मागे येऊन उभी होती.

"तुमची मजा आहे बाई," ती म्हणाली. आवाजात काहीतरी टोचत होतं.

"माझी? माझी कसली मजा?"

"आई तुमच्याशी बोलतात. माझ्याशी नाही बोलत." धाकटीनं समोरच्या उशीचा कोपरा पिळायला घेतला. "पाणी हवं असलं तरी 'तुला वेळ असेल तर' म्हणतात. मागच्या महिन्यात माझ्याकडून दूध उतू गेलं, पातेलं करपलं, घरभर धूर. म्हटलं आता ओरडतील. तर म्हणाल्या, होतं असं. आणि स्वतःच्या खोलीत जाऊन दार लोटून बसल्या. ताई, मी रडले हो त्या दिवशी. लॉजमध्ये उतरलेलं माणूस वागतं ना, तशा वागतात. आणि तुमच्याबद्दल मात्र दिवसभर चालू. तिला मी हजारदा सांगितलं, तिनं कधी ऐकलं नाही, तिचा हात असा, तिचं डोकं तसं. ऐकून ऐकून मला तुमचा राग यायला लागलाय."

थोरलीनं तिच्याकडे नीट पाहिलं. पोरगी थट्टा करत नव्हती. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"अगं ए!"

हाक अख्ख्या मजल्यावर गेली. दोघींनी दचकून पाहिलं. टेबलापाशी सासूबाईंनी ती घडी पार उलगडून टाकली होती आणि दोन टोकं हातात धरून त्या उभ्या होत्या.

"तिथं काय उशांशी लग्न लावतेस? इकडे ये. धर."

थोरली गेली. टोकं धरली. बोलायची गरजच नव्हती. दोघींनी एकदम ताण दिला, चादर सपकन वाजली, दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकं या हातातून त्या हातात गेली, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. विक्रेती परत आली आणि बघतच राहिली. अर्ध्या मिनिटात चादर टेबलावर होती, विटेसारखी चौकोनी.

सासूबाईंनी काठावरून बोट फिरवलं.

"डावं टोक ढिलं. सहा महिन्यांत हात गेला तुझा. लॉजवाल्यांना असलंच देतेस होय? आणि किती वाळलीस ती! जेवतेस की नुसती भांडी घासतेस?"

थोरलीला इतका आनंद झाला, की तो लपवायला तिला खाली बघावं लागलं. धाकटी मात्र उशांपाशीच उभी होती. हात लोंबते सोडून ती दोघींकडे बघत होती आणि तिच्याकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

संध्याकाळी दोघी तिला बसस्टँडवर सोडायला आल्या. धाकटी पाण्याची बाटली आणायला गेली, तेव्हा थोरलीनं एकदाचं विचारलं. आता तिला खात्रीच होती.

"आई, चला ना घरी. आजच चला. कपडे मागाहून पाठवेल ती."

"नाही यायचं," सासूबाई म्हणाल्या.

थोरलीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"हिच्याकडे सहा महिने झाले, अजून मी पाहुणीच आहे," सासूबाई काठीनं जमिनीवर रेघ ओढत म्हणाल्या. "तोंडाला कुलूप घालून बसायचं. गार कॉफी प्यायची, छान म्हणायचं. दमायला होतं गं. पण पोरगी मनानं चांगली आहे, घाबरून असते. तिला वाटतं मला ती आवडत नाही. ते तसंच टाकून आले तर जन्मभर पाहुणी राहीन मी माझ्याच मुलाच्या घरी. एकदा तिच्यावर तोंड सुटलं, की मग येते."

"आणि नाही सुटलं तर?"

"प्रयत्न करतेय ना! तोंडाशी येतं आणि गिळते. तुझ्या वेळी कसं आपोआप यायचं. तू होतीसच तशी."

धाकटी बाटली घेऊन आली. थोरली बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. खिडकीची काच काही सरकेना. तिच्या शेजारी एक जाडजूड बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. बस सुरू झाली. खाली धाकटी हात हलवत होती, हसून, जरा जास्तच जोरात, आणि हात हलवता हलवता बस दिसत राहावी म्हणून एकेक पाऊल मागे सरकत होती. तिच्या पाठीमागे दुसरी एक बस मागे मागे येत होती.

थोरली ओरडली. काचेतून कुणाला ऐकू जाणार?

सासूबाईंनी काठी टाकली. दोन्ही हातांनी धाकटीचा दंड धरून तिला अशी काही खेचली, की दोघी खांबावर आदळल्या. बस पुढच्याच क्षणी त्या जागेवरून मागे गेली.

आणि मग सासूबाईंचं तोंड सुटलं. आवाज येत नव्हता, पण थोरलीला त्याची गरज नव्हती. कपाळावरची शीर, कमरेवरचा एक हात, दुसऱ्या हाताचं बोट धाकटीच्या नाकासमोर नाचणारं. डोकं कुठं ठेवतेस, डोळे आहेत की भोकं, तुला काही झालं असतं म्हणजे! माणसं थांबून बघायला लागली. धाकटी खांबाला टेकून उभी होती, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या पाण्यातून ती अशी हसत होती की तिचा चेहरा ओळखू येऊ नये.

सुटली बिचारी, थोरलीच्या मनात आलं. देवाची कृपा, वाचली. आणि आई आता येणार, चार दिवसांत येणार. हे सगळं तिला कळत होतं. तरी छातीत काहीतरी भाजत होतं, चांगलंच भाजत होतं, आणि बस वळेपर्यंत ती त्या नाचणाऱ्या बोटावरून नजर काढू शकली नाही.

शेजारच्या बाईनंही मान वाकवून सगळं पाहिलं होतं.

"अगंबाई, काय तोंड आहे म्हातारीला," ती म्हणाली. "बिचारीची सासू दिसते."

"माझी सासू आहे ती," थोरली इतक्या फाडकन म्हणाली, की त्या बाईनं पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.