उलाळ गाडी

माझा पोरगा हनुमान यानं मागच्या दिवाळीनंतर घोडं विकलं आणि एक जुनी जीप घेतली. आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं, घोड्याच्या पाठीवर आमचं बिऱ्हाड चालायचं. जीप आल्यावर त्यानं जवळा बाजारच्या वैजनाथ वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांची पत्र्याची खोली करून घेतली, जीपच्या मागं हुकाला अडकवून ओढायची. आत बाज, स्टोव्हला फळी, पुढच्या बाजूला एक खिडकी, आणि सगळ्यात मागं हजार लिटरची काळी पाण्याची टाकी.

टाकी चाकांच्या वर, मधे घ्या, असं वैजनाथ म्हणाला होता. पण मधे टाकी घेतली तर बाज मावत नव्हती. शिवाय मेंढरं मागून येतात, त्यांना पाजायला तोटी मागंच सोयीची. मलाही ते बराबर वाटलं. वैजनाथनं खांदे उडवले आणि सांगितलं तिथं टाकी जोडून दिली.

हिवाळ्यात काही कळलं नाही, कारण टाकी कधी पुरी भरलीच नव्हती. पाणी सगळीकडे होतं. चैत्र सरत आला तेव्हा धनसिंगचा निरोप आला. धनसिंगचं रान औंढ्याच्या पलीकडे डोंगराच्या माथ्यावर. तूर निघाली होती, मेंढरं बसवायला या, लेंडीच्या बदल्यात ज्वारी देतो, पण विहीर आटली, पाणी तुमचं तुमी आणा, असं त्यानं कळवलं. माझी बायको भागाबाई आणि तिचा भाऊ देवला आदल्या दिवशीच मेंढरं घेऊन पायवाटेनं वर गेले. त्या सकाळी मेंढरांनी पाणी प्यायलं होतं, त्यानंतर नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी पाणी घेऊन सडकेनं जायचं, असं ठरलं.

पाणी मिळालं की भांडं गच्च भरून घ्यायचं, ही आमच्या लोकांची रीत. पुढच्या गावात विहीर असते, पण ती आपल्यासाठी असेलच असं नाही. आणि भरलेलं सांडायचं नाही. कालव्याकाठच्या एका मळ्यात मोटार चालू होती. मालकानं हो म्हटलं, तशी हनुमाननं टाकीच्या तोंडातून पाणी बाहेर येईपर्यंत पाइप काढला नाही.

खोली हुकाला लावायला गेलो तर तिची पुढची दांडी वर आली होती. दोघांनी लोंबकळून ती खाली ओढली, हुकात बसवली, वरून आडवी पिन मारली. हात काढले तशी दांडी पिनीला खालून रेटत उभी राहिली. जीपची मागची बाजू बोटभर उचलली गेली.

बैलगाडीत असं झालं की गाडी उलाळ झाली म्हणतात. मागचं ओझं जास्त होतं, जू वर जातं, आणि बैलाच्या गळ्याला पट्टा आवळतो. मी पोरवयात मळ्यात सालगडी होतो, तेव्हा हे रोजचं होतं. त्याला इलाजही रोजचाच. दोन माणसं उठून गाडीच्या तोंडाशी बसायची, की जू खाली येतं.

हनुमाननंही तेच केलं. सुनेला म्हणाला, तू खिडकीपाशी बस.

माझी सून अंजली. सातवा महिना लागला होता. जीपमध्ये मागं जाळ्या, काठ्या आणि एक लंगडी मेंढी होती, पुढं आम्ही दोघं. ती निमूट खोलीत चढली आणि खिडकीखाली ज्वारीच्या पोत्यावर बसली. दांडी खाली आली, जीप सरळ झाली. हनुमान हसून म्हणाला, बघा बा, बसली.

मी जीपच्या डाव्या बाजूला बसलो होतो. बाहेरच्या आरशात मला खिडकीतलं अंजलीचं तोंड बराबर दिसत होतं. तिनं पदर कानामागं खोचला होता आणि दोन्ही हातांनी खिडकीची सळई धरली होती. सडक चांगली होती. हनुमाननं गाडी पळवली तशी मागून कोणीतरी शेपूट धरून हलवतंय असं वाटायला लागलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्यानं वेग कमी केला की थांबायचं. समोरून हळदीच्या पोत्यांचा ट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं पुन्हा हलायला लागली, आणि या खेपेला वेग कमी करूनही जरा उशिरा थांबली.

मी म्हटलं, पाणी हिंदकळत असंल. हनुमान म्हणाला की टाकी गच्च आहे, हिंदकळायला जागाच नाही. ते खरं होतं. मग काय हलवत होतं ते त्याला माहीत नव्हतं आणि मलाही.

एका पुलाशी सडकेला उंचवटा होता. जीप चढून उतरली, खोली चढली, आणि आरशातलं अंजलीचं तोंड वर सरकून नाहीसं झालं. आरशात नुसता पत्रा राहिला. मग खट असा आवाज झाला आणि तोंड परत जागेवर आलं. तिचे डोळे मोठे झाले होते.

मी हनुमानला गाडी थांबवायला लावली. स्प्रिंगचे पाटे वाजले असतील, असं म्हणत तो उतरला. अंजली खाली उतरली नाही. खिडकीतूनच मला म्हणाली, "मामा, माझ्या पायाखालून कुणीतरी उचलून राहिलंय. बसते, पुन्हा उचलतंय."

हनुमाननं पिन पाहिली. मध्ये जराशी वाकली होती. त्यानं ती फिरवून वाकडी बाजू खाली घेतली आणि वरून तार गुंडाळली. मी म्हटलं, निम्मं पाणी सोडून देऊ. म्हणताना माझाच हात तोटीकडे गेला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. वर दूध पाजणाऱ्या मेंढ्या आहेत बा, तो म्हणाला, कालपासून त्यांच्या तोंडात थेंब नाही. निम्म्यात काय होणार.

ते मला त्यानं सांगायची गरज नव्हती. कालपासून माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं.

औंढ्यात नागनाथाच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती. तिथून हळूहळू निघालो. गाव मागं पडलं आणि डोंगर समोर आला. माथ्यावर जाणारा रस्ता सडकेपासून फुटतो. खडी आणि मुरूम, मधे एक वळण, आणि वळणानंतर छातीवर येणारा चढ. हनुमाननं पायथ्याशी जीप उभी केली आणि बराच वेळ वर बघत राहिला.

मी अंजलीला म्हटलं, बाई, तू खाली उतर, पायी ये हळूहळू. ज्वारीची पोती पुढं सरकवू.

हनुमान म्हणाला, "पोतं चढाला घसरतं. माणूस धरून बसतं."

हे त्यानं रागानं म्हटलं नाही. जसं दोरीबद्दल किंवा खुंटीबद्दल बोलावं तसं म्हणाला. मग मीच खोलीत बसतो म्हटलं. तेव्हा अंजली हसली. दिवसभरात तेवढंच.

"तुमी काय, मामा, नुसती हाडकं. फुंकर मारली तर उडसान. आमी दोघं हाव." तिनं पोटावर हात ठेवला. "आमीच बसतो."

हनुमानही हसला. मला हसू आलं नाही. पोटातल्या लेकराला तिनं ओझ्यात धरलं होतं, आणि आमच्यापैकी कोणी तिला नको म्हणालं नाही.

चढाला बैलगाडी घालताना एक माणूस हातात दगड घेऊन चाकामागं चालतो. बैल थकून थांबले की चाकाखाली दगड टाकायचा, म्हणजे गाडी मागं येत नाही. खोलीला ब्रेक नव्हताच. मी रस्त्याकडेचा एक बसका काळा दगड उचलला आणि डाव्या चाकामागं चालायला लागलो. अंजली आत, पोत्यावर. हनुमान पहिल्या गिअरमध्ये.

वळणापर्यंत सगळं ठीक चाललं. दुपारचं ऊन मुरुमावरून डोळ्यांत येत होतं. टाकीच्या झाकणातून पाणी पाझरून पत्र्यावर ओघळत होतं. मागं असल्यामुळं आता मला अंजलीचं तोंड दिसत नव्हतं. फक्त खोलीची पाठ, टाकी, आणि खालची तोटी. तोटी जमिनीपासून गुडघाभर उंच होती.

वळण गेलं. चढ लागला. तोटी माझ्या पोटरीइतकी खाली आली.

मी हाक मारली. इंजिनच्या आवाजात ती हनुमानपर्यंत गेली नाही. खोलीच्या आत काहीतरी घसरल्याचा आवाज आला, जड, पत्र्यावरून ओढत गेल्यासारखा. ज्वारीचं एक पोतं मागं येऊन टाकीला धडकलं. तोटी आणखी खाली आली. तिचं टोक मुरुमात टेकलं, रेघ ओढायला लागलं, आणि पुढून तो आवाज आला. खट. थोड्या वेळानं पुन्हा खट. आत अंजली काहीच बोलत नव्हती. तिनं एखादी हाक मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

हातात एकच दगड होता. तो चाकासाठी होता. पण खोली हुकातून सुटली तर ती शेपटीवर टेकून मागं घसरत येणार होती, आणि तशी खोली एका दगडानं थांबत नाही, हे मला दिसत होतं. तोटी मुरुमात घासत होती, ती फिरवायला हात घालता येईना; तिच्या वर टाकीतून निघालेला मनगटाएवढा प्लॅस्टिकचा पाइप होता. मी त्यावर दगड घातला. पहिल्यांदा नुसता ओरखडा उठला. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी घातला तेव्हा पाइप मुळाशी फुटला.

पाणी माझ्या पायांवर आलं. किती थंड होतं. दगड त्याच लोंढ्यात हातातून सुटून खाली गडगडत गेला. आता चाकामागं टाकायला माझ्याकडे काही नव्हतं. मी खोलीच्या पाठीला खांदा लावला आणि चालत राहिलो. पाणी पायांखालून, चपलांमधून, मुरुमावरून खाली वळणाकडे जात होतं. खट. मी पावलं टाकत होतो. खट. मग बऱ्याच वेळानं तोटीचं टोक जमिनीवरून सुटलं. त्यानंतर तो आवाज आला नाही.

माथ्यावर जीप थांबली. हनुमान उतरून मागं आला. त्यानं मला कमरेपर्यंत भिजलेला पाहिलं, मग टाकीच्या बुडातून पडणारी शेवटची धार पाहिली.

"बा, पाणी कुठाय?"

"रस्त्यात," मी म्हटलं.

तेवढ्यात मेंढरं आली. लांबूनच पाण्याचा वास लागला असणार. देवला काठी आडवी धरून उभा होता, त्याला न जुमानता कळप धावत आला. टाकीखालच्या ओल्या मातीत तोंडं खुपसली. मागच्यांना जागा मिळाली नाही, तशी ती उतारानं खाली पळाली आणि ओले दगड चाटायला लागली. भागाबाई धापा टाकत आली. तिनं टाकीवर हात मारून पाहिला. पोकळ आवाज आला, तशी ती मेंढरांमागं खाली गेली.

अंजली अजून आतच होती. मी दार उघडलं. ती खिडकीची सळई धरून उभी होती, बसलेली नव्हती, आणि बोटं सोडवायला तिला वेळ लागला. लेकरू हलतंय का, मी विचारलं. तिनं हो म्हणून मान हलवली. मग खाली उतरून जीपच्या सावलीला जाऊन बसली.

हनुमाननं धनसिंगच्या घरून दुधाचे रिकामे कॅन मागून आणले. आमचे हंडे, बादल्या, सगळं जीपमध्ये घातलं, लंगडी मेंढी उतरवली. खोली इथंच सोडून नुसत्या जीपनं औंढ्याहून पाणी आणायचं. हे सकाळीच करता आलं असतं. माझ्याही मनात आलं नव्हतं. त्या दुपारी त्यानं सारख्या खेपा घातल्या. मोठी मेंढरं वाचली, काही कोकरं गेली. पहिलं कोकरू तो निघायच्या आधीच मेलं. ते हातात धरून तो माझ्यासमोर उभा राहिला.

"हे तुमी मारलं, बा," तो म्हणाला. मी व्हय म्हटलं.

मग कोकरू खाली ठेवून तो खोली सोडवायला हुकापाशी गेला. तार काढली. पिन आता अशी वाकली होती की हातानं निघेना. त्यानं पान्यानं ठोकून ती बाहेर काढली आणि दांडीवरचा हात बाजूला घेतला.

टाकीत पाणी नव्हतं. आत कोणी नव्हतं, नुसतं घसरलेलं पोतं टाकीला टेकून होतं. तरी दांडी आपोआप हुकातून वर उठली, सावकाश, कोणी हात उचलावा तशी. ती हनुमानच्या छातीपर्यंत गेली, डोक्यावर गेली, आणि खोलीची शेपटी मुरुमात टेकली. आतली भांडी घरंगळत मागं गेली, त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

हनुमान त्या उभ्या दांडीकडे बघत राहिला. मग सावलीत बसलेल्या अंजलीकडे वळला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती आपल्या दोन्ही तळहातांवर उठलेले सळईचे वळ बघत होती.