शालीतलं कासव

“आई, ह्याला रोज उन्हात ठेव हं. ह्याचं अंग आपल्यासारखं आतून तापत नाही, जशी हवा, तसं हे…” घर सोडताना योगिनी एवढंच बोलली होती. तिचं ते कासव आता कस्तुराच्या तळहातावर गार पडलं होतं, मान आत ओढून. किती दिवस त्यानं खाणं घेतलं नव्हतं.

उन्हात… पण तिनंच तर त्याला गॅलरीतून देवघरापाशी आणलं होतं. देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतंच की. काळेवाडीतल्या त्या आतल्या खोलीत ऊन शिरत नाही. थंडी वाढली तशी तिनं त्याच्यावर शाल घातली, दुहेरी करून. खाईना, तेव्हा हात जोडले — मुकं जनावर, मार्गशीर्ष पाळतंय…

“तुझीच जात,” तिचे यजमान रंगराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले होते. “उपास धरून बसलंय.”

शाल कुठे ऊब देते? असलेली राखते. ज्याच्यात नाहीच, त्याच्यात ती गारठाच जपते… लेकीनं जातीबाहेर लग्न केलं तेव्हापासून तिच्यासाठी सोमवार धरले, गुरुवार धरले — पांघरूणच घालत बसले मी. आणि ती तिकडे निघोज्यात, पत्र्याच्या खोलीत, नवरा कंपनीत, नववा महिना. “येशील ना?” फोनवर म्हणाली. मी हो म्हणाले, देवीसमोर बसून. मग ह्यांनी सांगितलं, तो उंबरा ओलांडलास तर हा विसर. मी गेलेच नाही. ह्यांचा आवाज चढला की पोटात कढ, हे निवले की मीही निवले… माझी म्हणून काही ऊब होती का कधी? लोक त्याला सोशीकपणा म्हणत. मीही म्हणत आले.

तिनं कासव गॅलरीत उन्हात ठेवलं. जुनं, मऊ झालेलं लुगडं पिशवीत घातलं.

“कुठे?” रंगरावांनी विचारलं.

“निघोज्याला.”

“घट मांडलाय. संध्याकाळी बायका यायच्यात हळदीकुंकवाला. त्यांना काय सांगू?”

“लेकीकडे गेलीय म्हणून सांगा.” आवाज नेहमीसारखाच हळू होता. “कासवावर सावली आली की उन्हात सरकवा.”

ते काही बोलले नाहीत. नेहमी ह्या गप्प बसण्यानंच ती गारठायची. जिना उतरताना तिनं त्या गारठ्याची वाट पाहिली… खालच्या पायरीवर आठवलं, देवीला नमस्कार राहिला. वाईट वाटायला हवं होतं. वाटेना — आणि ते न वाटणं घेऊनच ती बसथांब्याकडे वळली.